सहा पोरे, एक ओसाड बेट आणि पंधरा महिने

आई पहाटेच्या पाळीला, बाप रात्रपाळीहून आलेला किंवा नाक्यावर कामाच्या शोधात उभा, आणि घरात तीन-चार मुले आपली आपण. कष्टकरी वस्तीला हे चित्र नवे नाही. कोणी नववीतला दादा भाताला आधण ठेवतो, कोणी पाचवीतली ताई धाकट्याला कडेवर घेऊन नळावर नंबर लावते. तरीही आपण मोठी माणसे एक वाक्य सरसकट बोलून जातो : मोठ्यांचा धाक नसला की पोरांची माकडे व्हायला वेळ लागत नाही.

ही समजूत काही आपल्याच वस्तीतली नाही. तिच्यावर एक जगप्रसिद्ध कादंबरी उभी आहे. विल्यम गोल्डिंग या इंग्रज लेखकाची 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज' १९५४ साली प्रसिद्ध झाली. गोल्डिंग सॅलिसबरी येथील मुलांच्या शाळेत मास्तर होता आणि दुसऱ्या महायुद्धात त्याने ब्रिटिश नौदलात नोकरी केली होती. त्याच्या कथेत युद्धाच्या धामधुमीत एक विमान कोसळते आणि इंग्रज शाळकरी मुले एका निर्मनुष्य बेटावर अडकतात. प्रथम सभा भरते, नेता निवडला जातो, ज्याच्या हातात शंख त्यानेच बोलायचे असा नियमही होतो. मग हळूहळू सारे विस्कटते. शिकारीच्या नादाला लागलेला एक मुलगा वेगळी टोळी करतो, तोंडाला रंग फासले जातात, शंख फुटतो आणि दोन मुलांचे खून पडतात. पुढे १९८३ साली गोल्डिंगला नोबेल पारितोषिक मिळाले. देशोदेशीच्या शाळा-कॉलेजांत हे पुस्तक शिकवले जाते आणि वाचणारा हेच मनात घेऊन उठतो की माणूस मुळात असाच.

ज्याने महायुद्ध डोळ्यांनी पाहिले त्याला माणसाविषयी शंका यावी यात नवल नाही. त्याच्या कादंबरीची ताकदही आम्ही नाकारत नाही. पण वाचकहो, ती कादंबरी आहे. अशी मुले कधी नव्हती, असे बेट कधी नव्हते. खरोखर मुले बेटावर अडकली तेव्हा काय झाले, याचा एक दाखला आहे. तो कादंबरीनंतर बारा वर्षांच्या आत जगापुढे आला आणि पुढे पन्नासेक वर्षे जवळजवळ विसरला गेला. तोच आज सविस्तर सांगावा असे आम्हाला वाटले.

प्रशांत महासागरात टोंगा हे बेटांचे छोटे राज्य आहे. नुकुआलोफा ही त्याची राजधानी. १९६५ च्या जून महिन्यात तिथल्या एका मिशनरी वसतिगृह-शाळेतील सहा किशोरवयीन मुले शाळेला कंटाळून पळाली. फिजीला जाऊ, जमले तर न्यूझीलंडपर्यंत मजल मारू, असा बेत. स्वतःची होडी नव्हती. म्हणून एका कोळ्याची होडी न विचारता घेतली. ही चोरी होती आणि पुढे तिचा हिशेबही झाला. सोबत घेतले काय, तर केळ्यांची दोन पोती, थोडे नारळ आणि एक लहानसा गॅसचा स्टोव्ह. नकाशा नाही, होकायंत्र नाही. ज्या वयात सुचते तसे सुचले होते.

पहिल्याच रात्री सगळे झोपी गेले आणि वादळाने गाठले. शीड फाटले, सुकाणू मोडले. आठ दिवस होडी वाहत राहिली. खायला काही उरले नाही. पावसाचे पाणी नारळाच्या करवंट्यांत धरायचे आणि सकाळी एक घोट, संध्याकाळी एक घोट असे सहा जणांनी वाटून प्यायचे, असा त्यांचा क्रम होता. आमच्या मते या साऱ्या कथेतला पहिला कायदा इथेच झाला. तो कोणी लिहिला नाही, कोणी त्याची सभा भरवली नाही. पण तहानेने जीव जात असताना करवंटी हातात आलेल्या पोराने एकच घोट घेऊन ती पुढे दिली. ज्यांनी दुष्काळात टँकरच्या मागे हंडे लावले आहेत त्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको.

आठव्या दिवशी समुद्रातून सरळ वर आलेला खडक दिसला. ते अता बेट. टोंगाच्या मुख्य बेटापासून सुमारे १६० किलोमीटरवर, चारही बाजूंनी कडे तुटलेले, होडी लावायला धड जागा नसलेले. मुले पोहत, खरचटत किनाऱ्याला लागली. सुरुवातीचे दिवस फार वाईट गेले. मासे, समुद्रपक्षी आणि त्यांची अंडी कच्चीच खाल्ली, तहान भागवायला पक्ष्यांचे रक्तसुद्धा प्याले. पुढे अंगात बळ आल्यावर ती कडा चढून माथ्यावर गेली, तेव्हा तिथे एक ओस पडलेले गाव सापडले. अळकुड्या रानोमाळ माजल्या होत्या, केळी होत्या आणि रानटी झालेल्या कोंबड्या फिरत होत्या.

हे गाव कोणाचे? इथे आम्हाला थोडे थांबले पाहिजे, कारण ही गोष्ट सांगणारे बहुतेक जण या ठिकाणी एखादे वाक्य टाकून पुढे जातात. १८६३ सालापर्यंत अता बेटावर साधारण साडेतीनशे माणसांची वस्ती होती. त्या वर्षी 'ग्रेशियन' नावाचे जहाज बेटाशी आले. कप्तान गोरा होता. व्यापार करू, माल पाहायला या, अशी बतावणी करून त्याने माणसांना जहाजावर घेतले, खाली कोंडले आणि जहाज हाकारले. सुमारे १४४ माणसे, बायामुलांसकट, अशी पळवून गुलामीच्या बाजारात घातली गेली. त्या काळी दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाला मजूर हवे होते आणि पॅसिफिकमधल्या बेटांवरून माणसे चोरून नेण्याचा धंदा तेजीत होता. पुन्हा असा घाला पडू नये म्हणून टोंगाच्या राजाने मागे राहिलेल्या दोनेकशे जणांना एउआ नावाच्या दुसऱ्या बेटावर हलवले. अता तेव्हापासून ओस पडले.

म्हणजे ती सहा मुले जगली ती कोणाच्या जिवावर, हे लक्षात घ्या. शंभर वर्षांपूर्वी पळवल्या गेलेल्या माणसांनी लावलेली केळ, त्यांनी रुजवलेला अळू, त्यांच्या खुराड्यातल्या कोंबड्यांची पिल्ले. आणि 'रानटी' या शब्दाचाही विचार करा. गोल्डिंगच्या कादंबरीत इंग्रज मुले बिघडतात तेव्हा ती 'रानटी' होतात, तोंडे रंगवतात, म्हणजे बेटावरच्या काळ्या-सावळ्या माणसांसारखी दिसू लागतात. हा शब्द नेहमी वरून खाली फेकला जातो. आपल्यालाही तो ऐकून माहीत आहे. अता बेटावर रानटीपणा आला तो एका जहाजातून, शिकल्या-सवरलेल्या कप्तानाच्या हुकमाने. ज्यांना रानटी म्हटले जाई त्यांचीच लेकरे त्याच मातीवर पंधरा महिने कशी वागली ते आता पाहू.

मुलांनी दोघादोघांच्या तीन जोड्या केल्या आणि कामाच्या पाळ्या लावल्या. बागेचे काम, स्वयंपाकाचे काम, पहाऱ्याचे काम. पाळी आली की काम करायचेच. लाकडावर लाकूड घासून अनेक दिवसांच्या खटपटीनंतर विस्तव मिळाला. मग तो विझू द्यायचा नाही हे ठरले आणि वर्षाहून अधिक काळ तो विझला नाही. गोल्डिंगच्या पुस्तकात मुले शिकारीच्या नादात जाळ विझू देतात आणि त्याच वेळी क्षितिजावरून जहाज निघून जाते. इथे मात्र रात्री उठून लाकूड सारणारे कोणी ना कोणी होते. झाडांचे बुंधे कोरून त्यांत पावसाचे पाणी साठवले. कोंबड्यांना कुंपण घातले. व्यायामाला वजने केली, खेळायला बॅडमिंटनचे मैदान आखले. एका मुलाने वाहून आलेल्या लाकडाचा तुकडा, अर्धी करवंटी आणि फुटक्या होडीतल्या सहा तारा घेऊन गिटार बनवली. दिवसाची सुरुवात आणि शेवट गाण्याने आणि त्यांच्या धर्माप्रमाणे प्रार्थनेने होई.

भांडणे होत नव्हती असे नाही. सहा तरणी पोरे, एकच बेट, तेच तेच अन्न. भांडणे झाली. पण त्यावर त्यांनी काढलेला तोडगा आम्हाला फार मोलाचा वाटतो. दोघांचे वाजले की दोघांनी बेटाच्या दोन टोकांना निघून जायचे आणि राग थंड होईपर्यंत तिथेच बसायचे. तीन-चार तासांनी बाकीचे त्यांना परत आणत, समोरासमोर उभे करत आणि एकमेकांची माफी मागायला लावत. कोणी न्यायाधीश होऊन शिक्षा सुनावली नाही, कोणाला वाळीत टाकले नाही. वाळीत टाकण्याचा उपाय सहा जणांच्या वस्तीला परवडणारही नव्हता, कारण एक जोडी मोडली की बाग किंवा विस्तव, काहीतरी बुडणार. आपल्या चाळीत भावकीच्या भांडणात वर्षानुवर्षे बोलणे बंद असते आणि मध्यस्थी करायला कोणी धजत नाही. तिथे या पोरांची रीत चालवून पाहायला हरकत नाही.

एके दिवशी एक मुलगा कड्यावरून घसरला आणि त्याचा पाय मोडला. बाकीचे खाली उतरले, त्याला वर आणले, काठ्या आणि पाला लावून पाय घट्ट बांधला. मग त्याच्या वाटचे काम पाचांनी उचलले. तू राजासारखा पडून राहा, असे ते त्याला थट्टेने म्हणत. पुढे डॉक्टरांनी तपासले तेव्हा पाय सरळ जुळलेला होता. शाळेतून पळालेल्या पोरांनी हाड बसवले होते!

आता मुख्य प्रश्न : त्यांचा पुढारी कोण? या गोष्टीत एकाच्या हाती सगळी सूत्रे गेल्याचे दिसत नाही. ज्याला जे येते ते त्याने करायचे आणि बाकीच्यांनी त्या वेळी त्याचे ऐकायचे. हाताचा कसबी असेल त्याने वस्तू बनवायच्या, समज असेल त्याने भांडण मिटवायचे. गोल्डिंगच्या मुलांपाशी निवडून दिलेला पुढारी होता, शंख होता, सभा होती, पण रोजच्या कामाची पाळी नव्हती. झोपड्या बांधायला सगळे टाळ्या वाजवून होकार देतात आणि प्रत्यक्ष बांधायला दोघेच उरतात. गोल्डिंगने हे मात्र अचूक पकडले आहे. आपल्या मंडळांच्या बैठकांना गेलेल्या कोणालाही ते पटेल.

येथे अमेरिकेतील एका जुन्या प्रयोगाची आठवण होते. १९३८-३९ च्या सुमारास आयोवा विद्यापीठात कर्ट लेविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा-अकरा वर्षांच्या मुलांची छोटी मंडळे केली. मुखवटे बनवण्यासारखी कामे दिली. कुठे पुढारी हुकूम सोडणारा ठेवला, कुठे सर्वांना विचारून चालणारा, कुठे नुसता बसून राहणारा. हुकूमशहाच्या मंडळात पुढारी समोर असेतो काम झपाट्याने होई. तो खोलीबाहेर गेला की काम थांबे. आणि त्या मुलांनी आपला राग पुढाऱ्यावर न काढता आपल्यातल्याच एखाद्या पोरावर काढला, इतका की पोराने मंडळ सोडले. विचारून चालणाऱ्याच्या मंडळात मात्र पुढारी बाहेर गेला तरी काम चालू राहिले. अताच्या मुलांचा पुढारी तर कायमचाच बाहेर होता.

दुसरा प्रयोग १९५४ सालचा, म्हणजे कादंबरीच्याच वर्षाचा. ओक्लाहोमा राज्यात मुझफ्फर शेरीफ या शास्त्रज्ञाने बावीस मुलांचे शिबिर भरवले, दोन गट केले, बक्षिसांच्या स्पर्धा लावल्या. मुले एकमेकांचे झेंडे जाळू लागली, एकमेकांच्या केबिनींवर धाडी घालू लागली. पाहा, मुले अशीच असतात, असे म्हणायला लोक मोकळे झाले. पण स्पर्धा कोणी लावली, बक्षीस कोणी ठेवले? मोठ्यांनी. पुढे पाण्याची टाकी बंद पडल्याचे सोंग केले, गाडी अडल्याचे सोंग केले, तेव्हा तेच दोन गट एकत्र येऊन दोर ओढू लागले. आणि त्याच्या आदल्या वर्षी न्यूयॉर्क राज्यात केलेला असाच प्रयोग फसला होता, कारण ती मुले आधीच एकमेकांची मित्र झालेली होती आणि भांडायला तयार होईनात. फसलेल्या प्रयोगाची फारशी वाच्यता झाली नाही. गटात फूट पाडून मग गट फुटतात असे सिद्ध करणारे आपल्याकडेही कमी नाहीत.

अताची मुलेही आधीपासूनची मित्र होती, एकाच शाळेची, एकाच समाजाची. टोंगात पाहुण्याला, नातलगाला, शेजाऱ्याला वाटून खाण्याची रीत लहानपणापासून अंगवळणी पडते. म्हणून काही टीकाकार म्हणतात, या एका दाखल्यावरून साऱ्या मनुष्यजातीचा निकाल लावू नका. ते म्हणणे रास्त आहे. सहाऐवजी साठ असती तर? अनोळखी असती तर? अन्न अपुरे असते तर? आम्ही उत्तर देणार नाही. एवढे मात्र खरे की घरी जे पाहिले तेच त्यांनी बेटावर मांडले. मुले बेटावर एकटी जात नाहीत, आईबापांचे वागणे बरोबर घेऊन जातात.

११ सप्टेंबर १९६६ रोजी पीटर वॉर्नर या ऑस्ट्रेलियन माणसाची मासेमारीची बोट अताजवळून जात होती. दुर्बिणीतून त्याला हिरव्या उतारावर जळल्याचे डाग दिसले. ओसाड बेटावर आपोआप आग लागत नाही, म्हणून तो जवळ गेला. केस वाढलेला एक उघडा मुलगा कड्यावरून उडी मारून पोहत आला, मागोमाग बाकीचे. वॉर्नरला आधी खरे वाटेना. ते तडीपार कैदी असतील, अशी शंका आली. त्याने बिनतारी यंत्रावरून नुकुआलोफाला नावे कळवली. थोड्या वेळाने पलीकडचा माणूस रडत बोलला. मुले मेली असे धरून घरच्यांनी त्यांचे अंत्यविधीही उरकले होते.

गंमत अशी की परत आल्या आल्या पोलिसांनी मुलांना कोठडीत टाकले. होडीवाल्याची तक्रार तशीच होती, आणि त्याचे तरी काय चुकले? होडी म्हणजे कोळ्याचे पोट. वॉर्नरने ऑस्ट्रेलियातील एका टेलिव्हिजन कंपनीला या कथेचे हक्क विकले आणि त्यातून होडीची किंमत, दीडशे पौंड, भरली. मुले सुटली. पुढे त्याने नवे जहाज बांधले, त्याचे नाव 'अता' ठेवले आणि सहाही जणांना खलाशी म्हणून कामावर घेतले. वॉर्नर एका बड्या कारखानदाराचा मुलगा, आणि स्वतःही सतराव्या वर्षी घरातून पळून समुद्रावर गेलेला. २०२१ साली, नव्वदाव्या वर्षी, होडी उलटूनच त्याचा अंत झाला. जगाला ही कथा नव्याने कळली ती २०२० साली, रुट्गर ब्रेगमन या डच लेखकाने पुस्तकात सांगितल्यावर. म्हणजे तीही गोऱ्या माणसाच्या तोंडून. ज्यांनी पंधरा महिने काढले त्यांचे शब्द त्यानंतर लोक ऐकू लागले.

इथवर सगळे मुलगे. आमच्या माताभगिनी विचारतील, मुली असत्या तर? त्याचे उत्तर २०२३ साली कोलंबिया देशाच्या ॲमेझॉन जंगलात मिळाले. १ मे रोजी एक लहान विमान कोसळले. वैमानिक, आणखी एक प्रवासी आणि मुलांची आई, तिघेही गेले. उरली आदिवासी हुइतोतो समाजाची चार भावंडे. थोरली तेरा वर्षांची, तिच्या मागची नऊ वर्षांची, एक चार वर्षांचा भाऊ आणि अकरा महिन्यांचे बाळ. ते बाळ जंगलातच वर्षाचे झाले.

तिथे पुढारी कोण, हा प्रश्नच नव्हता. थोरलीने विमानातले पीठ घेतले. साबुदाणा ज्या कंदापासून होतो त्याच कंदाचे ते जाडे पीठ. ते संपल्यावर कोणते फळ खावे, कोणते खाऊ नये, हे तिला आजीकडून, जंगलाकडून माहीत होते. फांद्या केसांच्या रिबिनींनी बांधून तिने आडोसा केला. बाळाला कडेवर घेऊन ती चालली. आई कामाला गेली की धाकट्यांचे तीच करत असे, असे नातलगांनी सांगितले. म्हणजे शिक्षण आधीच झाले होते, ते आमच्या कितीतरी मुलींचेही होते, आणि त्याला कोणी शिक्षण म्हणत नाही. कौतुक करताना हेही विसरता येत नाही की तेरा वर्षांच्या पोरीच्या कडेवर बाळ आले ते मोठ्यांना पोटासाठी घराबाहेर राहावे लागते म्हणून. आमच्याकडे त्याच वयाच्या पोरीची शाळा त्यापायी सुटते.

शंभराहून अधिक सैनिक आणि जंगलाचे जाणते आदिवासी त्यांना शोधत होते. हेलिकॉप्टरवरून भोंग्यावर आजीचा आवाज, त्यांच्याच बोलीत, ऐकवला जाई : जिथे आहात तिथेच थांबा. चाळीस दिवसांनी, ९ जून रोजी, आदिवासी शोधकांना ती चौघे सापडली, हडकलेली पण जिवंत. थोरलीच्या हातात बाळ होते आणि ती म्हणाली, भूक लागली आहे.

शोधमोहिमेतला विल्सन नावाचा कुत्रा जंगलात हरवला होता. दवाखान्यात मुलींना रंग आणि कागद मिळाले तेव्हा त्यांनी झाडे आणि तो कुत्रा काढला. सैन्याने त्याचा शोध पुढे काही आठवडे चालू ठेवला, पण तो सापडला नाही.